पेशीला पटल असते, संगणकाला भिंत हवी

१९ जुलै २०२४, शुक्रवार. भारतात सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटे झाली होती. क्राउडस्ट्राइक या अमेरिकी कंपनीने जगभरातील आपल्या ग्राहकांच्या संगणकांवर एक छोटीशी फाईल पाठवली. घातक सॉफ्टवेअरपासून संगणकाचे रक्षण करणे हा या कंपनीचा व्यवसाय. फाईल पोहोचली आणि विंडोजवर चालणारे संगणक एकामागून एक निळा पडदा दाखवून बंद पडू लागले. पुन्हा सुरू केले की पुन्हा निळा पडदा. कंपनीने ७८ मिनिटांत फाईल मागे घेतली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक आडवे झाले होते.

आपल्याकडे त्या दिवशी विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले आणि त्यांची छायाचित्रे सगळ्यांनी पाहिली. रुग्णालयांत काय झाले याची चर्चा त्यामानाने कमी झाली. अमेरिकेत बॉस्टनच्या मास जनरल ब्रिगहॅम या मोठ्या रुग्णालयसमूहाने तातडीच्या नसलेल्या सर्व नियोजित शस्त्रक्रिया आणि भेटी त्या दिवशी रद्द केल्या. इंग्लंडमध्ये फॅमिली डॉक्टरांच्या अनेक दवाखान्यांतील भेटींची आणि रुग्णनोंदींची संगणकप्रणाली बंद पडली आणि डॉक्टर कागद-पेनाकडे वळले. रुग्ण समोर बसलेला, पण त्याच्या आधीच्या तपासण्या, चालू औषधे, कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी, ही सगळी माहिती मात्र बंद यंत्रात अडकलेली. डॉक्टरच्या दृष्टीने ही मोठी जोखीम असते.

या घटनेत एक प्रश्न दडलेला आहे. चूक झाली ती बाहेरून येऊन बसलेल्या एका सॉफ्टवेअरमध्ये. मग आख्खा संगणक का कोसळला? माणसाच्या बोटाला जखम झाली तर हृदय बंद पडत नाही. संगणकाच्या एका भागात बिघाड झाला तर बाकीचे भाग का चालू राहत नाहीत? याचे उत्तर ऑपरेटिंग सिस्टीमच्या बांधणीत आहे. ही बांधणी सुधारण्याचा एक मोठा विचार थेट जीवशास्त्रातून आला आहे.

एक निरोप, अनेक उत्तरे

आपल्या शरीरात सुमारे तीस लाख कोटी पेशी आहेत. प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पटल असते. त्याची जाडी मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाहूनही कमी. पण आत काय यावे आणि बाहेर काय जावे हे तेच ठरवते. शेजारच्या पेशीला या पेशीच्या केंद्रकात किंवा तंतुकणिकांत थेट हात घालता येत नाही. तिला काही सांगायचे असेल तर रासायनिक निरोप पाठवावा लागतो. तो निरोप घेण्यासाठी पेशीवर किंवा पेशीच्या आत ठराविक ग्राही, म्हणजे रिसेप्टर असतात. ग्राही नसेल तर निरोप कितीही मोठ्याने दिला तरी पेशीला तो ऐकूच येत नाही.

रात्री घरी परतताना अचानक कुत्रा अंगावर धावून आला, की अ‍ॅड्रेनल ग्रंथींतून अ‍ॅड्रेनॅलिन रक्तात सुटते. हृदयाच्या पेशींना ते मिळाले की ठोके वाढतात. श्वासनलिकांच्या स्नायूंना मिळाले की ते सैलावतात आणि हवा जास्त आत जाते. यकृताच्या पेशींना मिळाले की त्या साठवलेली साखर रक्तात सोडतात. निरोप एकच, उत्तरे तीन. हृदय कसे आकुंचन पावते किंवा यकृतात साखर कशी सुटते, याची काहीही माहिती अ‍ॅड्रेनॅलिनमध्ये नसते. ते ज्ञान ज्या त्या पेशीपाशी असते.

अ‍ॅलन के या अमेरिकी संगणकतज्ज्ञाला हीच गोष्ट भावली. संगणकाकडे वळण्याआधी त्यांनी कोलोरॅडो विद्यापीठातून गणित आणि रेणवीय जीवशास्त्र या विषयांत १९६६ मध्ये पदवी घेतली होती. त्या सुमारास नॉर्वेत ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगार्ड यांनी सिम्युला नावाची संगणकभाषा घडवली होती. तिच्यात माहिती आणि त्या माहितीवर करायची कामे एकत्र बांधून ठेवण्याची सोय होती. के यांनी त्या कल्पनेकडे जीवशास्त्राच्या नजरेने पाहिले. सॉफ्टवेअर हे असंख्य पेशींचे असावे, प्रत्येकीने आपली आतली बाब आपल्यापाशी ठेवावी आणि एकमेकींशी फक्त निरोपांनी बोलावे. अशा पेशीला त्यांनी ऑब्जेक्ट म्हटले. १९७० च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील संशोधन केंद्रात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी स्मॉलटॉक ही भाषा याच तत्त्वावर उभी केली. पडद्यावरची खिडकी, अक्षर, आकडा, सगळे काही ऑब्जेक्ट. डाल आणि न्यूगार्ड यांना २००१ साठीचा आणि के यांना २००३ साठीचा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. संगणकविज्ञानातील हा सर्वोच्च सन्मान मानला जातो.

ही कल्पना समजायला सरकारी रुग्णालयातील औषधाची खिडकी पुरे आहे. रुग्ण केसपेपर आत देतो आणि औषध बाहेर येते. आत गोळ्या कोणत्या फळीवर आहेत, साठ्याची नोंद वहीत आहे की संगणकावर, याच्याशी रुग्णाला कर्तव्य नसते. उद्या फार्मासिस्टने सगळ्या फळ्या बदलल्या तरी रांगेतल्या माणसाला फरक पडत नाही. खिडकी मोडून प्रत्येकाला आत जाऊन हवी ती गोळी उचलू दिली, तर सुरुवातीला काम झटपट होईल. आठवडाभराने मात्र साठ्याचा मेळ लागणार नाही आणि एखाद्याच्या हाती भलतेच औषध जाईल. ऑब्जेक्टचा पहिला नियम खिडकीतूनच व्यवहार करण्याचा आहे. दुसरा नियम अ‍ॅड्रेनॅलिनचा: निरोप तोच राहील, उत्तर कसे द्यायचे हे ज्याचे त्याने ठरवावे.

संगणकाचा गाभा

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाचे प्रशासन. रुग्णालयात खाटा मोजक्या, शस्त्रक्रियागृहे मोजकी आणि रुग्ण अनेक असतात. कोणाला काय आणि केव्हा द्यायचे हे प्रशासन ठरवते. तसेच संगणकाची स्मृती, प्रोसेसरचा वेळ, डिस्क, छपाईयंत्र हे सर्व अनेक प्रोग्रॅमना वाटून देण्याचे काम ऑपरेटिंग सिस्टीम करते. तिचा जो भाग सर्वाधिकारी असतो त्याला कर्नल, म्हणजे गाभा म्हणतात. यंत्रातली कोणतीही गोष्ट कर्नलला वर्ज्य नसते.

या गाभ्याची रचना करताना ऑब्जेक्टची कल्पना हळूहळू शिरली. १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सुरू झालेल्या युनिक्सने एक सोय केली. डिस्कवरची फाईल असो, टर्मिनल असो की छपाईयंत्र, प्रोग्रॅमने फक्त उघड, वाच, लिही, बंद कर असे ठरावीक निरोप द्यायचे. ते पाळायचे कसे हे त्या त्या यंत्राच्या ड्रायव्हरने बघायचे. ड्रायव्हर म्हणजे एखादे यंत्र चालवण्याची माहिती असलेले छोटे सॉफ्टवेअर. हा अ‍ॅड्रेनॅलिनचाच नियम झाला. आज जगातले बहुतेक सर्व्हर चालवणारी लिनक्स ही सिस्टीम सी या जुन्या भाषेत लिहिलेली आहे. त्या भाषेत ऑब्जेक्टची तयार सोय नाही. तरीही लिनक्समध्ये प्रत्येक प्रकारच्या फाईलसोबत, ती कशी वाचायची व लिहायची याच्या कृतींची यादी जोडलेली असते. म्हणून पेनड्राइव्ह कोणत्याही कंपनीचा असला तरी तो लावताच चालतो.

मायक्रोसॉफ्टने १९९३ मध्ये विंडोज एनटी बाजारात आणली. डेव्ह कटलर यांच्या नेतृत्वाखाली घडलेल्या या सिस्टीमच्या गाभ्यात ऑब्जेक्ट मॅनेजर नावाचा स्वतंत्र विभाग आहे. चालू प्रोग्रॅम, उघडी फाईल, एखाद्या घटनेची खूण, ही सर्व तेथे ऑब्जेक्ट म्हणून नोंदली जातात. प्रोग्रॅमला वस्तू थेट मिळत नाही, तिचा एक क्रमांक मिळतो, जसा चप्पलस्टँडवर बिल्ला मिळतो. बिल्ला देण्याआधी हा कोण आहे आणि याला काय करायची मुभा आहे हे तपासले जाते. आजची विंडोज त्याच पायावर उभी आहे.

या सगळ्याचा फायदा खरा होता. हजारो अभियंत्यांना एकाच प्रचंड सॉफ्टवेअरवर एकमेकांच्या पायात पाय न घालता काम करता आले. एकाने आपल्या भागाची आतली रचना बदलली तरी दुसऱ्याचा भाग मोडला नाही. मात्र एक उणीव राहिली आणि २०२४ च्या त्या सकाळी तिचीच किंमत मोजावी लागली.

पाट्या आहेत, भिंती नाहीत

आपण वापरतो ते प्रोग्रॅम एकमेकांपासून खऱ्या भिंतीने वेगळे केलेले असतात. ही भिंत प्रोसेसर स्वतः राखतो. एका प्रोग्रॅमने दुसऱ्याच्या स्मृतीला हात लावायचा प्रयत्न केला तर प्रोसेसर त्याला जागीच थांबवतो. म्हणून पत्र टंकित करायचा प्रोग्रॅम बंद पडला तरी बाकीचे काम चालू राहते.

गाभ्याच्या आत मात्र अशी भिंत नसते. विंडोज आणि लिनक्स या दोहोंत डिस्कचा ड्रायव्हर, पडद्याचा ड्रायव्हर, नेटवर्कचा भाग हे बहुतांशी एकाच मोठ्या खोलीत राहतात. कागदावर ते वेगवेगळे ऑब्जेक्ट आहेत, प्रत्येकाच्या जागेवर नावाची पाटी आहे. पण मध्ये पडदासुद्धा नाही. सगळे शिस्तीने वागले तर ठीक. एकाचा हात चुकून दुसऱ्याच्या ताटात गेला तर अडवणारा कोणी नाही. पेशीचे भाग ओळखून त्यांना नावे दिली, पण पटल द्यायचे राहून गेले, असा हा प्रकार आहे.

क्राउडस्ट्राइकचा एक भाग याच खोलीत राहत होता. घातक सॉफ्टवेअरवर लक्ष ठेवायचे तर सर्वांत आधी जागे व्हायला हवे आणि सर्व काही दिसायला हवे, म्हणून सुरक्षा कंपन्या गाभ्यात जागा मागतात. त्या दिवशीच्या फाईलमध्ये एका तपासणीसाठी २१ बाबी अपेक्षित होत्या, पण प्रोग्रॅमकडून प्रत्यक्षात २०च पुरवल्या जात होत्या. एकविसावी बाब वाचायला गेलेला भाग स्मृतीतल्या भलत्याच जागी पोहोचला.

यावर विंडोजने संपूर्ण यंत्र थांबवले. हे वरकरणी क्रूर वाटते, पण त्यामागे तर्क आहे. गाभ्यातला एक भाग बहकला, तर त्याने आणखी कोणाची माहिती बिघडवली असेल हे कळण्याचा मार्ग नसतो. तशाच अवस्थेत चालू राहिले तर चुकीची माहिती डिस्कवर लिहिली जाईल. रुग्णाच्या नोंदीत चुकीचा रक्तगट लिहिला जाण्यापेक्षा यंत्र बंद पडलेले बरे. एक नासका आंबा सगळी आढी नासवतो हे माहीत असल्यावर आढीच उचलून बाजूला ठेवण्यासारखे हे आहे. आंबे वेगवेगळ्या पेट्यांत असते तर एवढे करावे लागले नसते.

आठ सेकंदांची चूक

भिंती आणि खिडक्या मुळीच नसल्या तर काय होते, याचे वैद्यकातील सर्वांत दुःखद उदाहरण थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राचे आहे. कॅनडातील सरकारी मालकीच्या कंपनीने बनवलेल्या या यंत्राने जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा कर्करुग्णांना भयंकर जास्त किरणमात्रा दिली. त्यातील काही दगावले, बाकीच्यांना गंभीर इजा झाल्या. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ मध्ये या घटनांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला.

हे यंत्र दोन प्रकारे चाले. इलेक्ट्रॉनचा सौम्य झोत थेट रुग्णावर सोडता येई. क्ष-किरण हवे असतील तर सुमारे शंभरपट तीव्र झोत सोडला जाई, पण त्याच्या वाटेत धातूचा अडथळा येई आणि तीव्रता आटोक्यात राही. मार्च १९८६ मध्ये टेक्सासमधील टायलर येथे यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञ बाईंनी चुकून क्ष-किरणांचे अक्षर दाबले. चूक लक्षात येताच त्यांनी ते झटपट दुरुस्त केले. यंत्रातील चुंबके जागेवर यायला सुमारे आठ सेकंद लागत. त्या आठ सेकंदांत झालेली दुरुस्ती सॉफ्टवेअरच्या एका भागाला कळली, दुसऱ्याला कळली नाही. पडद्यावर इलेक्ट्रॉन दिसत होते, झोत मात्र क्ष-किरणांच्या तीव्रतेचा होता आणि वाटेत अडथळा नव्हता. रुग्णाला १८० रॅड मात्रा द्यायची होती. नंतरच्या अंदाजानुसार क्षणभरात १६,५०० ते २५,००० रॅड दिली गेली. पाच महिन्यांनी तो रुग्ण दगावला.

या यंत्राची ऑपरेटिंग सिस्टीम त्याच यंत्रासाठी खास लिहिलेली होती. तिच्यात अनेक कामे एकाच वेळी चालत आणि ती एकमेकांशी सामाईक स्मृतीतून बोलत. वॉर्डात एकच फळा आहे, त्यावर डॉक्टर मात्रा लिहितो, एक नर्स ती पुसून दुरुस्त करते, दुसरीने मात्र आधीच जुना आकडा वाचून सलाईन लावलेली आहे, असे दृश्य डोळ्यांसमोर आणावे. शिस्तीच्या वॉर्डात असे होत नाही. औषधतक्ता सिस्टर इन्चार्जच्या ताब्यात असतो, बदल तिच्यामार्फतच होतो आणि सर्वांना तोच तक्ता दिसतो. ऑब्जेक्ट विचार संगणकात नेमकी ही सिस्टर इन्चार्ज नेमतो. झोताची स्थिती एकाच ऑब्जेक्टच्या ताब्यात असती आणि प्रत्येक बदल त्याच्याच दारातून गेला असता, तर जुना आकडा आणि नवा आकडा एकाच वेळी खरे मानले जाण्याची शक्यता बरीच कमी झाली असती.

पण लेव्हसन आणि टर्नर यांचा इशारा यापेक्षा मोठा होता. एवढी एक चूक दुरुस्त केली म्हणजे यंत्र सुरक्षित झाले असे मानू नका, असे त्यांनी बजावले. जानेवारी १९८७ ची दुर्घटना सॉफ्टवेअरमधल्या वेगळ्याच चुकीमुळे झाली होती. शिवाय याच कुटुंबातल्या आधीच्या थेरॅक-२० या यंत्राच्या सॉफ्टवेअरमध्येही टायलरचीच चूक होती, हे नंतर उघड झाले. तेथे कोणी दगावले नाही, कारण सॉफ्टवेअर चुकले तरी झोत अडवणारी स्वतंत्र विद्युत-यांत्रिक कडी त्या यंत्रात होती. फ्यूज उडत आणि काम थांबत असे. थेरॅक-२५ बनवताना सॉफ्टवेअर आहे म्हणून अशा कड्या काढून टाकण्यात आल्या. चूक दोन्ही यंत्रांत तीच, पण एकात भिंत होती आणि दुसऱ्यात ती नव्हती.

भिंतीची किंमत

भिंत एवढी उपयोगी असेल तर गाभ्यातही ती पहिल्यापासून का बांधली नाही? कारण भिंतीला खर्च येतो. एकाच खोलीतल्या माणसाला वही मागायला क्षण लागतो. दार ठोठवा, ओळख सांगा, पावती घ्या, यात वेळ जातो. संगणकात असे निरोप सेकंदाला लाखोंनी जातात.

इंटेलने १९८१ मध्ये ४३२ नावाचा प्रोसेसर आणला, त्यात ऑब्जेक्ट आणि त्यांचे हक्क थेट चिपमध्येच कोरले होते. प्रत्येक व्यवहारावर पहारा होता. परिणामी तो त्याच काळातल्या साध्या चिपपेक्षा बराच संथ ठरला आणि बाजारातून गेला. कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८० च्या दशकात घडलेल्या माखने गाभा लहान ठेवून बाकीची कामे बाहेर काढण्याचा मार्ग धरला, पण तिचे निरोप संथ होते. १९९० च्या दशकात जर्मनीचे योखेन लीडटके यांनी दाखवून दिले, की दोष भिंतीत नसून दाराच्या घडणीत आहे. त्यांच्या एल-४ या चिमुकल्या गाभ्यात निरोप अनेक पटींनी वेगाने जात.

शरीरही ही किंमत मोजते. पेशीपटलावरील सोडियम-पोटॅशियम पंप रात्रंदिवस तीन सोडियम बाहेर फेकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. आत आणि बाहेर यांतला फरक टिकवण्याचे हे काम आहे. माणूस स्वस्थ पडून असतानाही शरीराच्या ऊर्जेचा सुमारे पाचवा हिस्सा या एका पंपावर खर्च होतो, मेंदूत तर हे प्रमाण आणखी मोठे असते. रक्तपुरवठा तुटला की पंप थांबतो, सीमा ढासळते, पेशी फुगते आणि मरते. निसर्गाने ही उधळपट्टी कोट्यवधी वर्षे चालू ठेवली आहे, कारण सीमा गेली की पेशी टिकतच नाही.

जिथे भिंती आहेत

भिंती असलेल्या ऑपरेटिंग सिस्टीम आज प्रत्यक्ष वापरात आहेत. १९८० च्या दशकात कॅनडात जन्मलेली क्यूएनएक्स अनेक मोटारींत आणि वैद्यकीय उपकरणांत चालते. तिचा गाभा छोटा असून ड्रायव्हर बाहेर, आपापल्या भिंतीआड राहतात आणि निरोपांनी बोलतात. नेदरलँड्समध्ये अँड्र्यू टॅनेनबॉम यांच्या चमूने २००५ मध्ये मिनिक्स-३ प्रसिद्ध केली. तिच्यात एक पहारेकरी असतो. एखादा ड्रायव्हर मेला तर तो त्याची नवी प्रत जन्माला घालतो आणि अनेकदा वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. त्याचे नावच पुनर्जन्म सर्व्हर असे ठेवले आहे. आपल्या आतड्याच्या अस्तरातील पेशी चार-पाच दिवसांत झडतात, नव्या येतात आणि आपण जेवत राहतो, तशातलीच ही व्यवस्था.

ऑस्ट्रेलियात घडलेल्या सेल-४ या गाभ्याने आणखी पुढचा टप्पा गाठला. सुमारे ८,७०० ओळींचा हा गाभा ठरवून दिल्याप्रमाणेच वागतो हे २००९ मध्ये गणिती सिद्धतेने दाखवण्यात आले. त्यात प्रत्येक ऑब्जेक्टसाठी वेगळा परवाना लागतो. रुग्णाच्या नातेवाइकाला एका वॉर्डाचा, एका वेळेचा पास मिळतो, सगळ्या रुग्णालयाच्या किल्ल्यांचा जुडगा मिळत नाही, तसेच हे आहे. अमेरिकेच्या संरक्षण संशोधन प्रकल्पात चालकविरहित हेलिकॉप्टरवर याची परीक्षा झाली. हल्ला करणाऱ्या तज्ज्ञांना मुद्दाम सॉफ्टवेअरच्या एका कप्प्यात शिरू दिले. त्यांना तो कप्पा बंद पाडता आला, पण त्याबाहेर पडून हेलिकॉप्टरचा ताबा घेता आला नाही.

आपल्या खिशातील अँड्रॉइड फोनमध्येही याची झलक दिसते. त्याचा गाभा लिनक्सच आहे, पण वरच्या मजल्यावर प्रत्येक अ‍ॅप वेगळ्या माणसासारखे वेगळ्या खोलीत ठेवलेले असते. अ‍ॅप आणि फोनच्या सेवा बाइंडर नावाच्या निरोप्यामार्फत ऑब्जेक्टसारख्या बोलतात. एखादे अ‍ॅप बंद पडल्याची सूचना येते, आपण ती पुसतो आणि फोन चालू राहतो. नवे अ‍ॅप कॅमेरा किंवा संपर्कयादी मागते तेव्हा खिडकीतून पास मागितला जात असतो. टॉर्चच्या अ‍ॅपने संपर्कयादी मागितली तर पास नाकारण्याचा अधिकार आपल्याकडे आहे, तो वापरावा.

भिंत म्हणजे रामबाण नव्हे

भिंतीने चुका थांबत नाहीत, त्या पसरायच्या थांबतात. कोविडचा विषाणू पेशीपटल फोडून आत आला नव्हता. पटलावरील एसीई-२ या ग्राहीला चिकटून, म्हणजे दारातूनच तो आत शिरला. संगणकातही दारातून आलेला खोटा निरोप ओळखता आला नाही तर भिंत उंच असून उपयोग नाही. अनियंत्रित वाढणारी कर्कपेशी थांबण्याचे निरोप जुमानत नाही, आणि शिस्त मोडणाऱ्या सॉफ्टवेअरचेही तसेच असते. म्हणून शरीराने पटलावर भरवसा ठेवूनही वर रोगप्रतिकारशक्तीचा पहारा ठेवला आहे. आणि डॉक्टरने चुकीची मात्रा लिहून दिली, तर जगातली सर्वांत सुरक्षित ऑपरेटिंग सिस्टीम तीच चुकीची मात्रा अचूकपणे देईल.

तरीही दिशा आता बदलते आहे. अ‍ॅपलने २०१९ पासून बाहेरच्या कंपन्यांच्या ड्रायव्हरना मॅकच्या गाभ्याबाहेर नेण्यास सुरुवात केली. २०२४ च्या घटनेनंतर मायक्रोसॉफ्टनेही सुरक्षा सॉफ्टवेअर गाभ्याबाहेर राहून काम करू शकेल अशी सोय करण्याचे जाहीर केले. लिनक्सच्या गाभ्यात २०२२ च्या अखेरीस रस्ट या भाषेला प्रवेश मिळाला. स्मृतीत भलत्या जागी हात घालण्याच्या बहुतेक चुका ही भाषा काम सुरू होण्याआधीच किंवा जागच्या जागी पकडते.

रुग्णालयांनीही आपल्या पातळीवर भिंती बांधायला हव्यात. अतिदक्षता विभागातील मॉनिटर, सलाईनचे पंप आणि व्हेंटिलेटर हे नोंदणीच्या संगणकांपासून वेगळ्या जाळ्यावर असावेत. सॉफ्टवेअरमधील बदल एकाच वेळी सगळ्या यंत्रांवर न चढवता आधी दोन-चार यंत्रांवर चढवून पाहावेत. उपकरण खरेदी करताना किंमत आणि वॉरंटीइतकेच ठामपणे विचारावे: याचा पडदा बंद पडला तर औषध चालू राहील का, चुकीची मात्रा अडवणारी सॉफ्टवेअरहून वेगळी कडी आहे का? आणि प्रत्येक वॉर्डात कोरे केसपेपर व औषधतक्ते कपाटात तयार असावेत, ते कसे वापरायचे हे नव्या मंडळींना शिकवलेले असावे.

सामान्य माणसालाही करण्यासारखे एक काम आहे. आपली औषधे, त्यांच्या मात्रा, अ‍ॅलर्जी, रक्तगट आणि आधीच्या शस्त्रक्रिया एका कागदावर लिहून तो पाकिटात ठेवावा, घरातल्या वडीलधाऱ्यांच्या पाकिटातही ठेवावा. पुढच्या वेळी कुठे निळा पडदा दिसला, तर समोरच्या डॉक्टरला उपचार सुरू करायला तो कागद पुरेसा असेल.